दक्षिण टोकाचा अंधुक तारा

आकाशातल्या जागा नुकत्याच वाटून झाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. दक्षिणेच्या अगदी टोकाला एक अंधुक तारा बसलेला असे. झगमगणारा अगस्त्य त्याला रोज चिडवायचा, "अरे, तू आहेस की नाहीस? जरा हल तरी, म्हणजे कळेल!"

शेवटी तारा कंटाळला. "तुमच्याच शेजारी येतो. तुमच्या उजेडात तरी कोणी माझ्याकडे बघेल," असे म्हणून तो उठला.

तेवढ्यात खालच्या समुद्रातून एक कासवीण ओरडली, "थांब रे बाबा! अंडी घालायला मला दक्षिणेचं बेट गाठायचंय. काल या अगस्त्यरावांकडे बघत पोहले. हे पूर्वेकडून पश्चिमेला गेले आणि मी भलतीकडेच पोचले!"

"मी? मी कुठे हलतो?" अगस्त्य म्हणाला.

"रात्रभर!"

तारा हरखला. "म्हणजे मी तुला दिसतो?"

"छे, कुठला दिसतोस!" कासवीण म्हणाली. "पण हे सगळे तारे गोल फिरतात ना, त्यांच्या मधोमध न हलता तू असणार, एवढं मला ठाऊक आहे."

तारा परत खाली बसला, आणि कासविणीने त्याच्याकडे तोंड करून पहिला हात मारला.