भाऊसाहेबांच्या गाडीचं झाकण

रुक्माबाईंची जुनी पेट्रोल पिकअप भाजी घेऊन घाट चढू लागली की इंजिन टणटण वाजायचं. यासीन मिस्त्रींनी टायमिंग लावलं, कार्बन काढला, तरी आवाज तसाच. शेवटी त्यांनी टाकीतलं पेट्रोल हुंगलं आणि ते म्हणाले, "यात रॉकेल आहे."

हे ऐकून पंपमालक भाऊसाहेब तणतणत गॅरेजवर आले. "माझ्या पेट्रोलला नावं ठेवतोस? चारचौघांत माफी माग."

"मागतो की." मिस्त्रींनी पिकअपची टाकी कॅनमध्ये रिकामी केली आणि कॅन घेऊन ते भाऊसाहेबांच्या नव्या गाडीकडे निघाले. "हे तुमच्या गाडीत ओततो. घाटात वाजली नाही, तर माफी."

भाऊसाहेब धावत जाऊन टाकीच्या झाकणाला पाठ लावून उभे राहिले.

मिस्त्री वळले. "रुक्माबाई, यापुढे भाऊसाहेब स्वतःच्या गाडीत जिथलं भरतात, तिथलंच भरत जा."