बेडकुलीचं गोल आभाळ

विहिरीच्या तळाशी, शेवाळाच्या मऊ गादीवर राहायची एक बेडकुली. अंगठ्याएवढी. नाव तिचं मिटकी.

मिटकीकडे एक आभाळ होतं. गोल, थाळीएवढं. सकाळी निळं, संध्याकाळी केशरी. रोज उठायचं, वर बघायचं, मग आंघोळ.

एकदा मिटकी उठली. वर बघितलं. आभाळ नाही. नुसती हिरवी पानं.

दुधीची वेल पसरली होती. या काठावरून त्या काठावर. विहिरीचं तोंडच झाकलं होतं.

मिटकी पायऱ्या चढली. टुप टुप टुप. पानांच्या फटीतून बाहेर आली. बाहेर आभाळ होतं. पण केवढं मोठं. त्याला काठच नाही. मिटकीला गरगरलं. तिला तिचं हवं होतं. गोल, थाळीएवढं.

मिटकी म्हणाली, "वेलताई, वेलताई, सरक ना. माझं आभाळ दिसेना."

वेल म्हणाली, "सरकून जाऊ कुठे? आधी मांडव घाल, मग सरकते."

टुप टुप टुप. मिटकी गेली अनसामावशीकडे. मावशी ओट्यावर शेंगा सोलत होती.

"मावशी, मावशी, मांडव घाल ना. वेल सरकेना. माझं आभाळ दिसेना."

मावशी म्हणाली, "आभाळ काय, माझं धुणं वाळलं की झालं. आणि मांडव घालू कशाने, बोटांनी? आधी काठ्या आण, मग घालते."

टुप टुप टुप. मिटकी गेली कळकाच्या बेटात. उंच उंच कळक. सळसळ सळसळ.

"कळकदादा, कळकदादा, काठ्या दे ना. मावशी मांडव घालेना. वेल सरकेना. माझं आभाळ दिसेना."

कळक वरून म्हणाला, "कोण बोलतंय? अगं, तू होय. आभाळ इथेच आहे, माझ्या शेंड्याला लागतं. पण पाय बघ माझे, कोरडे. आधी पाणी आण, मग काठ्या देतो."

टुप टुप टुप. मिटकी गेली पाटाकडे. पाट कोरडा ठणठणीत. मातीला भेगा.

"पाटबाबा, पाटबाबा, वाहा ना. कळक काठ्या देईना. मावशी मांडव घालेना. वेल सरकेना. माझं आभाळ दिसेना."

पाट म्हणाला, "वाहीन की. पण पाणी असतं विहिरीत. आधी तिला सांग, मग वाहतो."

टुप टुप टुप. मिटकी परत आली. फटीतून आत शिरली. डुबुक.

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे ना. पाट वाहेना. कळक काठ्या देईना. मावशी मांडव घालेना. वेल सरकेना. माझं आभाळ दिसेना."

विहीर म्हणाली, "मलाही दिसेना गं. अंधारात माझं मन लागत नाही. आधी आभाळ दिसू दे, मग पाणी देते."

मिटकी दगडावर बसली. तिचे गाल फुगले.

"वेल म्हणते, आधी मावशी. मावशी म्हणते, आधी कळक. कळक म्हणतो, आधी पाट. पाट म्हणतो, आधी तू. आणि तू म्हणतेस, आधी आभाळ. मग सुरुवात करायची कुणी?"

मिटकीने पाण्यात डोकावून बघितलं.

"माझ्याकडे काठी नाही. पाणी नाही. तुझ्याकडे पाणी आहे ना?"

"आहे खरं," विहीर म्हणाली.

"मग तू कर."

विहिरीला हसू आलं. हसता हसता तिचे झरे सुटले. बुडबुड बुडबुड. पाणी चढलं. मिटकीही वर आली. काठाला आलं. पाटात पडलं. खळखळ खळखळ.

विहिरीने पाणी दिलं. पाट वाहिला. कळकाचे पाय भिजले. कळकाने काठ्या दिल्या. टाक टाक टाक. मावशी पदर खोचून उठली, मांडव घातला. ठोक ठोक ठोक. वेल सरकली. सर सर सर. एकेक पान उचलून मांडवावर चढली.

पाणी खाली उतरलं. मिटकीही उतरली, आपल्या गादीवर. डुबुक.

मिटकीने वर बघितलं. आभाळ नाही. नुसतं काळं, गोल काहीतरी. मधोमध लाल कुंकू.

"बेडकुले," वरून मावशीचा आवाज आला, "दिसलं का गं आभाळ?"

"मावशी," मिटकी म्हणाली, "तुझं डोकं जरा बाजूला घे."

मावशीने डोकं बाजूला घेतलं.

आणि दिसलं. निळं निळं, गोल गोल, थाळीएवढं. सगळंच्या सगळं.

मिटकी म्हणाली, "डरांव." आणि आंघोळीला गेली.