तीन गियरांची जीप

"...आणि ती अशीच ओरडत राहिली, तर माणसानं किती वर्षं ऐकून घ्यायचं, माई?"

शशिकांत खातूचा आवाज इतका चढला होता की ओट्यावर झोपलेलं मठाचं कुत्रं उठून मागच्या दारी गेलं.

सगुणामाई तांदूळ निवडत होत्या. त्या निवडत राहिल्या.

कोकणातल्या सड्यावरचा, उंच कातळपठारावरचा हा मठ म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. शशिकांत दर गुरुवारी खालच्या बाजारपेठेतून माईंकडे यायचा, घटकाभर बसायचा आणि शांत होऊन जायचा. आज मात्र तो कपड्यांची बॅग गाडीत टाकूनच आला होता. संसार पुरे झाला, माईंनी दीक्षा द्यावी, आपण इथेच राहणार, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

कारण एकच. बायको ओरडते.

ललिता सकाळी अंथरुणाला खिळलेल्या सासूला कुशीवर वळवताना ओरडते. दुपारी घरच्या भातगिरणीवर हमालांना ओरडते. संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेताना ओरडते, आणि नवरा सत्संगाहून परतला की दारातच ओरडते. काल तर तिनं कहर केला. गिरणीवर गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना म्हणाली, एक दिवस तुमची शांती मला द्या आणि आईंना तुम्ही सांभाळा.

लोक हसले. ते हसणं रात्रभर त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. आईला सांभाळायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं, हा विचार मात्र त्याला शिवलाही नाही.

"माझी गाडी बघा," तो म्हणाला. "सहा गियर आहेत. चढावर एकात जरा कुरकुर झाली की शेजारचा तयार असतो. इंजिन कधी आवाज म्हणून चढवत नाही. लोखंडाला कळतं ते माझ्या बायकोला कळत नाही."

माईंनी सूप खाली ठेवलं.

"पाणी आणायचंय," त्या म्हणाल्या. "जीप काढ."

"त्यापेक्षा माझी गाडी..."

"जीप."

मठाची जीप कुणाच्या तरी आजोबांच्या काळातली. पुढे जायला गियर तीनच, आणि त्या तिघांचं आपसात काही नातंच नाही. पहिला रांगतो, दुसरा बोंबलतो, तिसरा सपाटीवर तेवढा खूश असतो. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे आणखी एखादा असायला हवा होता, पण तो बनवणाऱ्यानं घातलाच नाही.

खाली नदीवर शशिकांतनं जीपमधली पिंपं भरली. दातओठ खात भरली. दीक्षा मागायला आलेल्या माणसाला पाण्याला जुंपायचं ही काय रीत झाली, हे तो तोंडानं बोलला नाही, पण आदळआपट ऐकून नदीपलीकडच्यालाही कळलं असतं.

माई शेजारी येऊन बसल्या.

चढ सुरू झाला. दुसऱ्या गियरमध्ये जीपनं जो गळा काढला, त्यात बोलणंही ऐकू येईना. शशिकांतची कानशिलं तापली. घरी तेच, इथेही तेच. त्यानं खाडकन तिसरा टाकला.

आवाज पडला. जिवाला बरं वाटलं.

मग जीपनं आचके दिले, जागच्या जागी थरथरली आणि बंद पडली. बंद पडून मागे सरकायला लागली. पिंपांतलं पाणी हिंदकळून त्याच्या मानेवर आलं. शशिकांत ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला.

माई उतरल्या. मागच्या चाकाला दगड लावला. परत येऊन बसल्या.

"आता गप्प आहे," त्या म्हणाल्या.

त्या टोमणा मारत होत्या की काय, हे त्याला कळेना, म्हणून तो आणखी चिडला.

पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. पुन्हा तोच आक्रोश. वळणापर्यंत त्यानं कसाबसा धीर धरला आणि पुन्हा तिसऱ्यात घातली. पुन्हा तेच आचके... पुन्हा दगड.

"भंगारात घाला ही," शशिकांत स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला. "तीन गियरांत माणूस चालवणार काय? दुसऱ्यात कान फोडते, तिसऱ्यात जीव सोडते. मधे काही आहे का हिच्याकडे?"

"नाही," माई म्हणाल्या. "आहे ते एवढंच आहे."

"मग चढायचं कसं?"

"ती चढत होती. तू चढू दिलं नाहीस."

आजवर माईंचा आवाज चढलेला त्यानं ऐकला नव्हता. तो आता चढला होता, आणि डोळ्यांतही राग होता. जीप पुन्हा दुसऱ्यात आली तशी माईंनी त्याचा हात मनगटाला धरून गियरवरून उचलला आणि त्याच्याच मांडीवर ठेवला. तो त्यांनी तसाच दाबून धरला. म्हाताऱ्या हाताला एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

जीप ओरडत राहिली. ओरडत ओरडत एकेक वळण मागे टाकत गेली आणि चढाच्या मध्यावरच्या वाडीत येऊन थांबली.

पाणी वाडीसाठी होतं. विहीर आटली होती, बायका टाकीपाशी हंडे घेऊन बसल्या होत्या. माईंनी नुसती मान हलवली आणि शशिकांत खाली उतरला. पिंपं त्यानंच एकेक करून टाकीत रिकामी केली. सदरा अंगाला चिकटला, कंबर धरली, एक पिंप पायावर आलं. राग कुणावर काढायचा हेही त्याला सुचेना. मठापुरतं तळाशी राहिलेलं दोन घागरी पाणी घेऊन जीप निघाली.

वाडीच्या वरचा चढ खालच्याइतकाच उभा. त्यानं मुकाट्यानं दुसरा टाकला.

"तिसरा टाक," माई म्हणाल्या.

"बंद पडेल."

"टाक."

त्यानं टाकला. एक पाय ब्रेकवर न्यायच्या तयारीतच ठेवला, आणि जीप आचके कधी देते याची वाट बघत राहिला. जीपनं आचके दिले नाहीत. ती हलक्या आवाजात, काही विशेष घडत नसल्यासारखी, वर चढत गेली.

मठाच्या अंगणात त्यानं इंजिन बंद केलं. शेजारी त्याची स्वतःची गाडी उभी होती. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. आपण कुठे चुकलो हे न कळलेल्या माणसाला जो राग येतो, तो त्याच्या तोंडावर अजून होता.

"खाली एवढी बोंबलत होती," तो म्हणाला. "आता कशी गप्प झाली?"

माई सावकाश उतरल्या. पदरानं मानेचा घाम पुसला...

"गियर तेवढेच आहेत, शशिकांत. ओझं उतरवून घ्यायला तू होतास."