पट्टीवरचा मालुस

एकदा एक वृद्ध माळी होता. थंड हवेच्या एका डोंगरावर त्याची सफरचंदांची बाग होती. ‘या डोंगरावर लॅटिन जाणणारा मी एकटा,’ असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. आणि समोरचा आदराने सावरून बसला, की स्वतःच हळूच पुढे जोडी, ‘म्हणजे एकच शब्द जाणतो. शाळा चौथीत सुटली, त्याला कोण काय करणार?’

तो शब्द होता मालुस. फार पूर्वी वनस्पतिशास्त्राचे एक अभ्यासक बागेत मुक्कामाला राहिले होते. त्यांनी प्रत्येक झाडाला पत्र्याची पट्टी बांधली. वर सर्वांचे एकच कुलनाम, मालुस. खाली त्या त्या झाडाचे स्वतःचे नाव. जाताना त्यांनी माळ्याला समजावले, की त्या प्राचीन भाषेत पहिले अक्षर लांबवून म्हटले तर अर्थ सफरचंदाचे झाड, किंवा गलबताची डोलकाठी. आणि तेच आखडून म्हटले तर अर्थ वाईट. अभ्यासकांचे शास्त्र तिथे संपले आणि म्हाताऱ्याच्या खोड्या सुरू झाल्या. उंच, काटकुळे सरपंच दिसले की तो म्हणे, ‘या, मालुस, बसा.’

‘यातला कुठला अर्थ म्हणायचा, आबा?’

‘तुम्हाला सोसवेल तो घ्या.’

या आबांपाशी एक शिष्य होता. तरुणपणी आला, केस पिकू लागले तरी शिष्यच राहिला. कलम बांधण्यात त्याचा हात गुरूइतकाच बसलेला; पण स्वतःचा म्हणावा असा एक वाफाही त्याच्या नावे नव्हता. आता सफरचंदाची रीत अशी आहे, की गोड फळाचे बी पेरले म्हणून झाड गोड निपजत नाही. बहुधा आंबट निपजते, नाहीतर तुरट. म्हणून शहाणा माळी बी पेरीत नाही. नावाजलेल्या झाडाची काडी आणतो आणि खुंटावर कलम बांधतो. शिष्याने मात्र कुंपणाच्या कडेला एक बी पेरले, ते जगवले, वाढवले. आबांनी त्या झाडालाही पट्टी बांधली. वर मालुस, खाली कोरा पत्रा.

‘हा आखडून वाचायचा बरं का, पंडित,’ ते म्हणाले.

झाडाला फळे धरली तेव्हा शिष्य एक फळ पुसून घेऊन आला. ‘आबा, चाखून तरी बघा.’

‘माझे चार दात उरलेत. ते काय बियाच्या झाडापायी घालवू?’

पुढच्या हंगामातही तो आला. तेव्हा आबांनी ते फळ शेजारच्या बकरीपुढे धरले. बकरीने ते मिटक्या मारीत खाल्ले. ‘बघ,’ आबा म्हणाले, ‘बकरीला कडुनिंबही चालतो.’

अशात एक धनवान व्यापारी आला. डोंगराची पलीकडची सारी उतरण त्याने घेतली होती. त्याचे बोलणे मोजके होते. जे झाड पसंत पडेल त्याच्याच कलमांनी ती उतरण लावायची, आणि ज्याने ते झाड वाढवले त्याच्याच हाती ती बाग सोपवायची, राहत्या घरासकट. शिष्याने आपल्या झाडाची निवडक फळे टोपलीत भरली, आबांच्या ओट्यावर ठेवली, आणि शेठजींना आणायला तो पायथ्याशी गेला.

ओट्यावर एकटे उरलेल्या आबांना एक युक्ती सुचली. सुचली म्हणण्यापेक्षा चावली; ते आयुष्यभर तसेच जगले होते. बागेत ‘राणी’ नावाचे एक झाड होते. आबांनीच कलम करून वाढवलेले, पंचक्रोशीत नाव असलेले. आबांनी राणीच्या फळांच्या फोडी एका ताटलीत मांडल्या आणि शिष्याच्या झाडाची कोरी पट्टी सोडून आणून तिच्यापुढे ठेवली. शिष्याच्या फळांच्या फोडी दुसऱ्या ताटलीत मांडल्या आणि तिच्यापुढे राणीची पट्टी. दोन्हींची साल सारखीच लाल. एकदा फोडी झाल्यावर कोण ओळखतो? सरपंच आणि आणखी चारजण गंमत बघायला ओट्याच्या कडेला येऊन बसले.

व्यापारी आला. त्याने कोऱ्या पट्टीपुढची एक फोड खाल्ली. ‘ठीक आहे. बाजारात असते तसे.’ मग दुसऱ्या ताटलीतली फोड उचलली. चावता चावता तो थांबला. आणखी एक घेतली, मग आणखी एक.

‘माझ्या आईच्या माहेरी असे फळ होते,’ तो हलकेच म्हणाला. ‘हेच लावायचे. सगळीकडे हेच.’

राणीची पट्टी पाहून शिष्याची मान खाली गेली. आबांना मात्र हसू आवरेना. ‘शेठजी, ही राणी नव्हे. राणीला तर तुम्ही आत्ता बाजारू ठरवलेत. हे कुंपणाकडेचे बियाचे झाड, याने वाढवलेले. तुम्ही पट्टी खाल्लीत, मालुस, पट्टी!’

सरपंच मांडी थोपटून हसले. बाकीचेही हसले. शिष्याने झटकन मान वर केली. त्याच्या तोंडावर असे काही उजळले, की आबांना वाटले, याला आपली खोडी फारच आवडली.

व्यापाऱ्याने रुमालाने बोटे पुसली. ‘मला डोंगर चढवून आणलेत ते चारचौघांत हसायला?’

‘शेठजी, थांबा,’ शिष्य म्हणाला. ‘तुम्हाला जे आवडले ते खरेच...’

‘तूही यातलाच,’ व्यापारी म्हणाला आणि पायऱ्या उतरला. शिष्य वळणापर्यंत त्याच्या मागे धावला. व्यापाऱ्याने वळून पाहिले नाही. शिष्य एकटाच परत आला, तोवर मंडळी पांगली होती.

तो ओट्यावर बसला. तेव्हा आबांनी घसा खाकरला, आणि थट्टा बाजूला ठेवून ते गंभीर स्वरात बोलू लागले.

‘वाईट वाटून घेऊ नकोस. असल्या माणसाच्या हाताखाली तुझे भले झाले नसते. मनुष्याला परमेश्वराने जिव्हा दिली आहे, परंतु तो तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. नाव वाचतो, कूळ विचारतो, आणि मग स्वाद ठरवितो. मोठे नाव पुढे ठेव, तो कडूलाही अमृत म्हणेल. नाव काढून घे, तो अमृतही थुंकेल. ज्याने पट्टी वाचली त्याने फळ खाल्लेच नाही. एवढे एक ध्यानात ठेव. मी शिकवलेले बाकी सारे विसरलास तरी चालेल.’

शिष्याने सगळे ऐकून घेतले. मग राणीची पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि ताटली आबांपुढे सरकवली.

‘त्याने खाऊन सांगितले, आबा. न खाता सांगणारे इथे तुम्ही एकटेच. एक फोड उरली आहे. काळी पडायच्या आत चाखून बघा.’