सुनेच्या बोलीचा दगड

चढून दमलात ना, पाव्हणं? बसा, पण या कपारीच्या दगडाला पाठ टेकू नका. आणि हळद लावलेली दिसली म्हणून नारळ शोधू नका, आत देव नाही. हा सुनेच्या बोलीचा दगड. याच्यापायी आमच्या गावात सासवांना नव्याने बोलायला शिकावं लागतं. हसताय काय, थट्टेची गोष्ट नाही ही.

फार मागे, म्हणे, खालच्या वाडीत धुरपाई नावाची धनगरीण राहायची. तिचा लेक सिदबा घोंगडी विकायला डोंगरापलीकडे कानडी मुलखात जायचा. तिकडूनच त्याने निंगव्वाला बायको करून आणली. सून कामाला वाघीण, पण मराठीच्या नावाने बोंब. धुरपाईचा स्वभाव कडक. ही बडबड माझ्या घरात चालायची नाही, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं. निंगव्वाने तोंड मिटलं. हातवाऱ्यांवर संसार चालू राहिला आणि सासूला वाटलं, झकास चाललंय.

एकदा सिदबा पलीकडे गेला असताना निंगव्वा तान्ह्या लेकीला पाठीशी बांधून सरपणाला गेली. दिवस कलला तेव्हा मेंढक्यांनी तिला उचलून घरी आणलं. कड्यावरून घसरून ओढ्यात पडली होती, मांडी मोडली होती. पाठीवर पोर नव्हतं.

पोर कुठंय, म्हणून धुरपाईने सुनेला गदागदा हलवलं. भीतीने निंगव्वाच्या तोंडचं होतं नव्हतं तेवढं मराठीही पळालं होतं. ती कानडीत एकच काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती आणि डोंगराकडे हात करत होती. पण डोंगर काय एवढासा आहे? माणसं हाका मारत वर गेली. वाडीत कानडी समजणारा एकटा सिदबा, तो तर लांब मुलखात. आणि अंधार पडला की इथे तरस फिरायचं. आपणच हिचं तोंड बंद केलं, हे धुरपाईला तेव्हा उमगलं, असं सांगतात.

मग तिने चुलीजवळचा एक दगड उचलून सुनेपुढे धरला. त्याच्यावर बोट आपटलं आणि ते बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं, याला काय म्हणतेस म्हणून. निंगव्वा म्हणाली, "कल्लु." धुरपाईने तांब्यातलं पाणी दाखवलं. "नीरु." पाला दाखवला, राख दाखवली, सून नावं सांगत गेली. आणि ती मघाचंच बोलणं पुन्हा बोलली तेव्हा, म्हणे, नवल झालं. आजवर जी नुसती बडबड होती, तिच्यात धुरपाईला दगड ऐकू आला, पाणी ऐकू आलं. पाला नव्हता, राख नव्हती. पण दगडाचं काय? तिने दगड तांब्याला लावून ठेवला, सुनेने होकार दिला. पोरीच्या जागी आपली मूठ दगडावर ठेवली तर सून कळवळून नको नको करायला लागली. मूठ दगडाखाली सारली, तशी निंगव्वा रडतच म्हणाली, "केळगे, केळगे."

पाण्याजवळ, दगडाखाली. धुरपाई पदर खोचून पळत सुटली. डोंगरावर झरे पुष्कळ, पण झऱ्याकाठी अशी कपार ही एकच. निंगव्वाने पोर सावलीला इथे निजवलं होतं. हाका मारणारी माणसं याच दगडावरून पुढे गेली होती, पण रडून रडून पोरीचा आवाज बसलेला, तो कुणाला ऐकू जाणार? धुरपाईने हात घातला तर अंग गार लागलं. मग पोरीने तिचं बोट घट्ट धरलं.

नात आईच्या कुशीत दिली तेव्हा निंगव्वा हुंदके देत खूप काही बोलली. धुरपाईला त्यातलं अक्षरही कळलं नाही. ती सुनेजवळ भुईवर बसली, तिच्या गालावरच्या आसवाला बोट लावलं आणि ते बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

आजही पलीकडची सून गावात आली की तिला पाटावर बसवतात आणि सासू समोर भुईवर बसते. सासू एकेक वस्तू दाखवते, सून आपल्या बोलीत नाव सांगते. सासू चुकली तर सुनेने खुशाल हसावं, सासूने रागवायचं नाही. आणि दुखतंय, भीती वाटते, माझं लेकरू हरवलंय, एवढं तरी सुनेच्या बोलीत सासूला कळायला लागेपर्यंत आमच्याकडे सुनेला एकटीला डोंगरात धाडत नाहीत.