सोनबा पेंटरचं रॉकेट

समुद्रकाठच्या एका गावात एक भोळा पेंटर होता. नाव सोनबा. हात सोन्याचा, पण डोकं सांगितलं तेवढंच ऐकणारं. बायको पारू ‘घर रंगवा’ म्हणाली, तर याने झोपलेल्या पारूसकट घर हिरवं केलं. पारू तडक माहेरी गेली. सासरा म्हणाला, “जावईबापू, एक तरी चित्र धड काढा, पक्की नोकरी मिळवा. मग लेक पाठवतो.”

तेवढ्यात गावाबाहेरून रॉकेट उडवायचं ठरलं. त्यात तीन माणसं बसून आभाळात जाणार होती. रॉकेट अजून शेडमध्ये तयार होत होतं, पण ते कसं उडेल हे लोकांना आधी दिसायला हवं. म्हणून रॉकेटच्या कामावरच्या टिकेकरसाहेबांनी सोनबाला बोलावलं. चित्र पसंत पडलं तर नोकरी पक्की.

“साहेब, न पाहिलेलं कसं काढू?”

“जे अजून झालं नाही, ते झाल्यासारखं काढायचं. एवढंच.”

“एवढंच होय,” म्हणत सोनबा निघाला. वाटेत सरपंच भेटले. “सोनबा, माझी साठी आहे. आधी माझं चित्र काढ.”

सोनबाने काढलं. जे अजून झालं नव्हतं, ते झाल्यासारखं. सरपंचांची तसबीर, तिला चंदनाचा हार, पुढे समई, भोवती घरची मंडळी.

सरपंचांनी चित्रावर बोट ठेवलं. “ही रडतेय ती कोण?”

“वहिनी.”

“आणि हा हसतोय तो?”

“तुमचे धाकटे बंधू.”

सरपंचांनी काठी उचलली. “मेल्या, समोर दिसतं तेच काढावं.”

सोनबाने कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी शेडसमोर बसला आणि समोर दिसलं ते काढलं. कुलूपबंद पत्रे, आणि दारात तोंड उघडं टाकून झोपलेला वॉचमन.

“रॉकेट कुठाय?” साहेबांनी विचारलं.

“आत आहे की.”

“अरे, मग आतलं दाखव. रॉकेटचा वरचा पत्रा कापल्यासारखा काढ. आत कोण बसलंय, काय भरलंय, सगळं दिसलं पाहिजे.”

सोनबाने मान डोलावली. तिकडे देवळात कीर्तनकार बुवांचा महिन्याचा उपास चालू होता. बुवा म्हणाले, “सोनबा, उपासाचं तेज चित्रात उतरव.” सोनबाने बुवांचं पोट कापल्यासारखं काढलं. आत चौदा भजी, दोन तळलेल्या मिरच्या आणि कपभर चहा.

भक्त जवळ येऊन बघू लागले. बुवा घाईघाईने म्हणाले, “वेड्या, आतलं झाकावं. वरून धुराचा पडदा सोडावा.”

दुसऱ्यांदा साहेबांपुढे कापड उलगडलं, तर सगळं पांढरंफटक.

“हे काय?”

“धूर.”

“रॉकेट?”

“धुरात.”

“आणि माणसं?”

“रॉकेटमध्ये. खोकतायत.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची ओढून शेजारीच बसले आणि तीन दिवस बोटाने दाखवत राहिले. धूर इथे, पत्रा इथे कापलेला, माणसं इथे. चित्र असं उतरलं, की बघणारे दोन पावलं मागे सरकायचे.

“बघ, उडालं की नाही?” साहेब म्हणाले. “न झालेलं झाल्यासारखं काढलं, की झालंच समजायचं.”

नोकरी पक्की झाली. सासऱ्याचा निरोप आला, “बुधवारी पारूला एसटीत बसवतो. स्टँडवर घ्यायला या.”

बुधवारी सोनबाने ब्रश घेतला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर पारू काढली. चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणारी. हिरवीच काढली, शेवटची तशीच पाहिली होती. मग रिकामं ताट घेऊन समोर बसला.

पारूने स्टँडवर दोन तास वाट पाहिली. शेवटी ट्रंक डोक्यावर घेऊन चालत घरी आली.

“अहो, घ्यायला का नाही आलात?”

सोनबाने मानही वळवली नाही. “पारू केव्हाच आली. भाकरी करतेय ती. आपण कोण?”

पारूने भिंतीकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. ट्रंक खाली ठेवली, ब्रश उचलला आणि त्याच्या ताटात दोन भाकऱ्या आणि पिठलं काढलं. वर थोडी वाफ काढली.

“जेवा.”

सोनबाने हात धुतले, ताट पुढे ओढलं आणि आधी फुंकर घालायला लागला.