ठकूआयचा दोर

ओढू नका तो दोर. येणारा प्रत्येक पाहुणा आधी दोरालाच हात घालतो, म्हणून कोळीवाड्याने मला इथं सुरूच्या सावलीत राखण करायला बसवलंय, असं आमची पोरं चेष्टेने म्हणतात. बसा जरा. वाळू गरम नाही.

हा काळा दगडी खुंट बघा. कमरेएवढा आहे आणि गळ्याशी चांगला बोटभर खोल झिजलाय. त्याला काथ्याचा दोर बांधलेला आहे आणि दोराचं दुसरं टोक पाण्यात आहे. त्या टोकाला होडी नाही, जाळं नाही, काहीच नाही. काथ्या तरंगतो, त्यामुळे भरतीला तो किनाऱ्याशी येऊन लोळतो आणि ओहोटीला सरळ समुद्राकडे तोंड करून पडतो. शहरातली मंडळी हसून विचारतात, तात्या, होडी बांधायची विसरलात का? मीही हसतो. पण आमच्या आगरवेळ गावात होड्या समुद्रात लोटायच्या आधी दरवर्षी हा दोर नवा करतात. तो का, ते सांगतो. कधीचं हे, ते मात्र विचारू नका. माझ्या आज्याने सांगितलं तेव्हाही ते जुनंच होतं.

या जागी ठकूआयचं झोपडं होतं, असं सांगतात. तिच्या नवऱ्याने होडी बांधायला हा खुंट रोवला होता. एका मोसमात होडी गेली ती गेलीच, खुंट तेवढा राहिला. ठकूआय रडली नाही म्हणे. ती तान्ह्या चांगोला काखेत घेऊन जाखमातेच्या देवळात गेली, पदराला गाठ मारली आणि बोलली, "आई, माझा एक घेतलास. ह्या पोराच्या पायाला खारं पाणी लागू द्यायची नाय मी."

नवस बोलायला सोपा होता. पण कोळ्याच्या पोराला कोरड्या पायाने वाढवायचं म्हणजे काय, त्याचा तुम्हीच विचार करा. दारापुढे समुद्र, उशाला त्याचा आवाज, बरोबरीची पोरं चालायला लागताच लाटेत लोळणारी. चांगो त्या सगळ्यात कोरडा राहिला. तो सोडणांचे दोर वळायला शिकला. नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, कुजवून तिचा काथ्या काढायचा आणि त्याचे दोर वळायचे. असे दोर त्या काळी पंचक्रोशीत कुणी वळत नसे म्हणतात. गावातली प्रत्येक होडी चांगोच्या दोराने बांधलेली आणि एकाही होडीला त्याचा पाय लागलेला नाही. संध्याकाळी तो लाटेच्या काठाला येऊन उभा राहायचा. पाणी वर आलं की तेवढाच मागे सरायचा. आईचा शब्द त्याने कधी मोडला नाही. त्याचं मन मात्र कुठं होतं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

एकदा खाडीतल्या तिवरांच्या झाडीत ठकूआयला पाणमांजराचं पिल्लू सापडलं. डोळे नुकते उघडलेलं, आई मेलेली. तिने ते पदरात घालून घरी आणलं, नाव ठेवलं चिमी. हाताने मासे भरवून वाढवलं. चिमी अंगणभर खेळायची, ठकूआयच्या पायाशी झोपायची. पण मोठी झाली आणि ओहोटीच्या वेळी सैरभैर व्हायला लागली. हरवेल या भीतीने ठकूआयने तिच्या गळ्यात पट्टा घातला आणि दोर या खुंटाला बांधला. गाठ तिने स्वतः मारली.

तेव्हापासून रोज तेच. पाणी उतरायला लागलं की चिमी समुद्राकडे ओढायची. पुढ्यात ताजे बोईट मासे टाकले तरी ढुंकून बघायची नाही. गळा सोलवटला, रक्त आलं, तरी ओढणं थांबेना. ठकूआय खोबरेल लावायची, पट्ट्याला मऊ चिंधी गुंडाळायची आणि म्हणायची, "होईल सवय."

चांगो मात्र बारकाईने बघत राहायचा. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत, तिथं तुम्हाला आता लाटा फुटताना दिसतायत. होड्यांची वाट त्या दांड्यांमधून जाते, आणि वाळू सरकली की वाटही सरकते. चिमी कधी एका अंगाला ओढायची, कधी दुसऱ्या. काही दिवसांनी तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, येऊन सांगायचे की वाट बदलली, आता अमक्या बाजूने खोल पाणी आहे. तर चिमी आधीपासून तिकडेच ओढत असायची. कोणी शिकवलं होतं तिला? तिच्या रक्तातच होतं ते.

एकदा त्याने विचारलं म्हणे, "आये, हिला मासे मिळतात, तू जीव लावतंस. मग ही ओढतंय कशाला?"

"जनावर हाय ते," ठकूआय म्हणाली आणि आत निघून गेली. तिला प्रश्न कळला होता, म्हणूनच ती थांबली नाही.

मग ते वादळ आलं. नारळ वाहून होड्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. दुपारी आभाळ काळं झालं, वारा फिरला, आणि वरून खाडीला पूर आला. पुराने वाळू अशी काही उलथवली की होड्यांची वाट बुजून गेली. होड्या दांड्यांच्या पलीकडे येऊन अडकल्या. पुढे वाळूवर फुटणाऱ्या लाटा, बाजूला खडकांचं खडप, मागे वारा. किनाऱ्यावर बायका उभ्या होत्या. आपापली माणसं त्यांना दिसत होती, आणि करता काहीच येत नव्हतं.

एकट्या ठकूआयचं त्या होड्यांत कुणी नव्हतं. तिचा मुलगा तिच्या शेजारी होता, कोरडा. तिला त्या क्षणी बरं वाटलं, असं सांगतात. मी तरी तिला दोष देणार नाही.

ओहोटी लागली होती. चिमी वेड्यासारखी ओढत होती, आणि ज्या अंगाला कधीच वाट नव्हती तिकडे ओढत होती. चांगोने ते पाहिलं. घरात मोसमासाठी वळून ठेवलेले सगळे दोर त्याने बाहेर आणले, एकाला एक जोडले, एक टोक खुंटाला बांधलं. छोटं होडकं काठाशी आणलं. मग हातात कोयता घेऊन चिमीच्या गाठीपाशी आला. एक घाव घातला असता तर काम झालं असतं. पण त्याने कोयता खाली ठेवला.

"आये, गाठ तू मारलंस. मी कापायचा नाय. सोडायची तर तूच सोड."

तो चिमीबद्दल बोलत नव्हता, हे तिथल्या प्रत्येकीला कळलं. ठकूआयने चिमीचा सोललेला गळा पाहिला. पोराचे कोरडे पाय पाहिले. समोर शेजारणी उभ्या होत्या. पोराला सोड, असं त्यांनी तिला कुठल्या तोंडाने म्हणावं? ती खाली बसली. गाठ पावसाने आवळली होती, तिने दातांनी सैल केली. मग उठून पदराची ती नवसाची गाठही सोडली आणि म्हणाली, "जा."

चांगोचा पाय पहिल्यांदा खाऱ्या पाण्यात पडला. ठकूआयने तोंड फिरवलं नाही.

पुढे चिमी, तिच्या दोराने तिच्यामागे चांगोचं होडकं, आणि होडक्यातून मागे सुटत जाणारा काथ्याचा लांब दोर. ओहोटीच्या पाण्याबरोबर चिमी दांड्यांमधून अशी वळत गेली जशी रोजची पायवाट. फुटणाऱ्या लाटांपलीकडे पोचल्यावर चांगोने होडक्याचा दगडी नांगर टाकला आणि दोर ताणून धरला. पाण्यावर तरंगता दोर म्हणजेच वाट झाली. एकेक होडी त्या दोराला धरून, हाताने ओढत, पाण्याच्या उलट आत येऊ लागली. इकडे बायकांनी दोर धरला होता. खुंटाचा गळा झिजलाय तो त्या संध्याकाळी.

दिसत होती त्यांतल्या शेवटच्या होडीतल्या माणसांनी चांगोला आपल्यात ओढायला हात पुढे केला. तो म्हणाला, "म्हादूची होडी मागं हाय. तुम्ही व्हा पुढं."

ते आत आले. बायका दोर धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ दोर ताठ होता. मग एकदम ढिला पडला.

ठकूआयने तो एकटीने ओढून घेतला, कुणाला हात लावू दिला नाही. टोक आलं. दोर तुटलेला नव्हता. टोकाला चिमीचा रिकामा पट्टा बांधलेला होता, गाठ चांगोच्या हातची. जाण्याआधी त्याने तिला मोकळं केलं होतं. कुणी म्हणतात, लाटेने होडकं उलथलं. कुणी म्हणतात, इतकी वर्षं हाक मारणाऱ्या समुद्राकडे तो आपल्या पायाने गेला. मला विचाराल तर तो म्हादूची वाट बघत होता, एवढंच खरं.

आणि म्हादू दुसऱ्या दिवशी सकाळी आला. वारा फिरताच तो पलीकडच्या खाडीत शिरून सुखरूप बसला होता. हे इकडे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या मोसमात होड्या सजल्या, नारळ वाहिला, पण कुणी होडी सोडेना. म्हादूने तर आपली होडी वर ओढून पालथी घातली होती. ठकूआयच्या डोळ्यांदेखत कोण आधी जाणार? सगळे माना खाली घालून उभे होते. तेव्हा ती झोपड्यातून बाहेर आली, सरळ म्हादूपाशी गेली.

"म्हादू, तो तुझ्यासाठी थांबला. आता तूच किनाऱ्यावर बसलास, तर माझा पोर थांबला कशाला?"

म्हादू ढसाढसा रडला. त्याची होडी सरळ केली, आणि तिची गाठ ठकूआयने स्वतःच्या हाताने सोडली. मग खुंटाला नवा दोर बांधून दुसरं टोक पाण्यात टाकलं. म्हणाली, मागं कुणी असलं तर त्याला धरायला असू दे.

तेव्हापासून आगरवेळात मोसमाची पहिली गाठ तांडेल सोडत नाही. ज्या घरातलं माणूस समुद्राने नेलं, त्या घरची बाई सोडते. तिला बोलवायला कुणी जात नाही, तशी रीतच नाही. ती येईपर्यंत होड्या थांबतात.

गेल्या वर्षी त्या दुपारपर्यंत थांबल्या होत्या. माझा धाकटा, जयवंत, त्याच्या आदल्या मोसमात गेला. सूनबाई दार लावून बसली होती. शेवटी दुसऱ्या घरची एक म्हातारी आली, तिने गाठ सोडली. मी सुनेला शब्दाने बोललो नाही. यंदा तिचा मुलगा, माझा नातू, पहिल्यांदा होडीवर चाललाय.

काल संध्याकाळी मी इथं हा दोर वळत होतो. ती आली, शेजारी बसली, आणि काथ्याचं दुसरं टोक हातात धरलं. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं वळत होतो. उठताना तिने विचारलं, "मामंजी, उद्या होड्या किती वाजता?"

आजही हा दोर पाण्यात आहे, तो असा. त्याच्या पलीकडच्या टोकाला काही नाही, हे मलाही दिसतं. पण धरायला कुणाचा हात पुढे आलेला असेल, आणि नेमका तेव्हाच तुम्ही ओढलात तर? म्हणून म्हणतो, ओढू नका. धरायचाच असेल तर नुसता धरा.